मराठीतलं उजवं भाष्य आणि आपल्याच सरकारचा हिशेब

खेतवाडीकर

मराठी वाहिन्यांवरच्या संध्याकाळच्या चर्चा, रविवारच्या पुरवण्या आणि आपल्या बाजूचे म्हणवणारे यूट्यूबवाले, हे सगळं मी नेमाने बघतो-वाचतो. त्यातून जी बोच राहिली ती इथे मांडतोय. मी उजव्या विचारांचा माणूस आहे. आमच्या घराच्या भिंतीवर आधी जनसंघाची पणती होती, १९८० नंतर कमळ आलं. तेव्हा विरोधकांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून हा धागा काढलेला नाही. मला आपल्याच माणसांशी बोलायचंय.

तक्रार अशी आहे की, मराठीत उजवं भाष्य म्हणून आज जे चालतं त्यातलं बरंचसं नुसतं सरकारचं समर्थन असतं. सरकारने आज काय केलं ते पाहायचं आणि ते कसं बरोबर आहे याची कारणं रात्रीपर्यंत शोधायची. विचार आधी आणि सरकार नंतर, हा क्रमच उलटा झालाय.

एकच उदाहरण घेतो, पण पुरतं घेतो. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड एक्स्प्रेसवेच्या उद्घाटनाला पंतप्रधान मोदींनी रेवडी संस्कृतीवर कडक टीका केली. फुकट वाटून मतं मिळवायची सवय देशाच्या विकासाला घातक आहे, हा त्याचा आशय. आपल्याकडच्या लेखकांनी ते उचलून धरलं आणि योग्यच केलं. मग २०२४ ची लोकसभा आली. महाराष्ट्रात ४८ पैकी महायुतीला १७ जागा मिळाल्या आणि त्याच जूनमधल्या अतिरिक्त अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली, महिन्याला दीड हजार रुपये. नोव्हेंबरात भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७ आणि अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, असा निकाल लागला. दोन वर्षांपूर्वी रेवडीवर लेख लिहिणारे लोक त्या रात्री 'मास्टरस्ट्रोक' म्हणत होते. पैसा कुठून येणार, हे विचारणारा आपल्या बाजूचा आवाज मला तरी ऐकू आला नाही.

दुसऱ्या बाजूचं माप वेगळं नव्हतं. ज्या अग्रलेखांनी लाडकी बहीणला मतांची लाच म्हटलं, त्यांना महाविकास आघाडीच्या जाहीरनाम्यातली महालक्ष्मी योजना खटकली नाही. तिथे तर महिन्याला तीन हजारांचं आश्वासन होतं. कर्नाटकातल्या काँग्रेस सरकारची गृहलक्ष्मी त्यांना सामाजिक न्याय वाटते. ते त्यांच्या बाजूने बोलले, याचं मला आश्चर्य नाही. आपण आपल्या तत्त्वाच्या बाजूने बोललो नाही, याचं दुःख आहे.

आता आकडे. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या एका योजनेसाठी ३६,००० कोटी होते. त्याच वर्षीची अंदाजित महसुली तूट ४५,८९१ कोटी. महसुली तूट म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं या चालू खर्चालाच उत्पन्न अपुरं पडतं आणि कर्ज काढावं लागतं. राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात जाईल असा अंदाज त्याच कागदपत्रांत होता. कर्ज काढून धरण बांधलं तर पुढची पिढी धरण वापरते. कर्ज काढून महिन्याचा हप्ता दिला तर पुढच्या पिढीच्या वाट्याला फक्त व्याज येतं. काटकसर, पुढच्यांवर ओझं न टाकणं, हे जर उजव्या विचाराचं नसेल तर मग उजवं म्हणजे काय?

आणि हे बोलण्याची परंपरा याच शहरात होती. ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ साली मुंबईत मुक्त उद्योगाची बाजू मांडणारं फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज काढलं, तेही नेहरूंची लोकप्रियता शिखरावर असताना. १९५९ मध्ये राजाजींचा स्वतंत्र पक्ष निघाला, मिनू मसानी त्यातले बिनीचे शिलेदार. नामवंत वकील नानी पालखीवाला दर वर्षी अर्थसंकल्पावर बोलायचे. वडील मला एकदा ब्रेबॉर्न स्टेडियमवर घेऊन गेले होते. हातात कागद नाही, तोंडाने आकडे आणि कलमं धडाधड येतायत, आणि हजारो माणसं करांच्या दरांवरचं भाषण चिडीचूप ऐकतायत. सगळं इंग्रजीत होतं, मला निम्मं कळलं नसेल. पण आपल्याला नागरिक म्हणून हिशेब मागता येतो, हे तिथे कळलं. आपल्या मराठी बाजूलाही जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी होते. आमदार असताना केलेल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवायचे. कोणी मागितला नव्हता, कर्तव्य म्हणून द्यायचे.

मुंबईकरांसाठी आणखी एक. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षं २२७ नगरसेवकांचं सभागृहच नव्हतं. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प प्रशासकाने मांडला आणि प्रशासकानेच मंजूर केला. आरक्षणाचे खटले होते, प्रभागरचनेचा घोळ होता, सगळं मान्य. पण सत्ता लोकांच्या जवळ असावी, मंत्रालयात एकवटू नये, हे आपण म्हणायचं ना? त्या चार वर्षांत आपल्या भाष्यकारांनी ठाकरे विरुद्ध शिंदे यावर किती तास घालवले आणि सभागृहाविना चाललेल्या कारभारावर किती, ते आठवून बघा.

---

सायनचा_सुहास

काका, आदर ठेवून सांगतो, पटलं नाही. समोरचे संपादक वर्षानुवर्षं आपल्याला प्रतिगामी म्हणून हिणवत आले. आता कुठे चार माणसं आपली बाजू मांडायला लागली तर त्यांनीही आपल्याच सरकारचे वाभाडे काढायचे? आधी त्यांचा पक्षपात संपू दे, मग आपण घरातली भांडणं करू. युद्ध चालू असताना सेनापतीला हिशेब विचारत नाहीत.

---

भांडुपची_मेधा

खेतवाडीकर काका, मी बँकेत काउंटरला बसते, त्यामुळे लाडकी बहीण मी रोज समोर बघते. पहिला हप्ता आला त्या आठवड्यात सकाळी शटर वर जायच्या आधी बायका रांगेत होत्या. पासबुक छापून झालं की ती ओळ बोटाने शोधायच्या. काहींनी मला दोनदा वाचून दाखवायला सांगितलं. भांडीधुणी करणाऱ्या एक मावशी दर महिन्याला हजार काढतात आणि पाचशेचं आवर्ती ठेव खातं त्यांनी माझ्याकडूनच उघडून घेतलं. मुलीच्या बारावीनंतरच्या फीसाठी. नवऱ्याला खात्यातली रक्कम सांगायची नाही, असंही बजावून गेल्या.

तुम्ही कुटुंब, काटकसर म्हणता ना? मग बाईच्या हातात पैसा गेला की तो घरात आणि शाळेत जातो, दारूच्या दुकानात जात नाही, हे उजव्या विचारात बसत नाही का?

आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन्ही आणि दहिसर, असे पाचही नाके हलक्या वाहनांना टोलमुक्त झाले. तो निर्णय गाडीवाल्यांसाठी होता. त्याला रेवडी म्हणणारा लेख मी एकही वाचला नाही, तुमच्या लेखातही तो नाही. गरीब बाईचे दीड हजार तेवढे डोळ्यात येतात, हे मला लागतं.

---

खेतवाडीकर

मेधाताई, टोलचा मुद्दा सोळा आणे खरा, त्याला रेवडीच म्हणायचं. मुंबईपुरतं बोलायचं तर यादी मोठी आहे आणि त्यात सगळे पक्ष आहेत. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर जानेवारी २०२२ मध्ये उद्धव ठाकरेंनी माफ केला, पालिका निवडणूक तोंडावर असताना.

बेस्टचं बघा. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ रुपयांवरून ५ वर आणलं. तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. भाड्यातून खर्च निघेना, स्वतःच्या मालकीच्या बस म्हाताऱ्या होऊन मोडीत गेल्या, नव्या घ्यायला पैसे नाहीत, म्हणून ठेकेदाराच्या भाडेतत्त्वावरच्या बस वाढत गेल्या. त्यातले काही ठेकेदार परवडत नाही म्हणून निघून गेले. शेवटी मे २०२५ मध्ये तेच भाडं एकदम १० रुपये झालं. मधल्या काळात स्टॉपवर उभं राहणाऱ्याला विचारा, पाच रुपयांत काय मिळालं. स्वस्त तिकिटाची किंमत त्याने पाऊण तास उभं राहून दिली, आणि तो तुमच्या मावशींसारखाच माणूस होता.

तुमच्या मावशींना मदत मिळू नये, असं मी म्हणत नाही. ज्याला गरज आहे त्याला समाजाने हात द्यावा, हे आपल्या विचारातच आहे. माझा आक्षेप क्रमावर आहे. निवडणुकीआधी अर्ज सरसकट मंजूर करायचे आणि निवडणूक झाल्यावर तपासणी करायची. अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा, घरात चारचाकी नको, एका घरातल्या किती जणी, या अटी पहिल्या दिवसापासून कागदावर होत्या. २०२५ च्या मध्यात सुमारे २६ लाख लाभार्थींचे हप्ते थांबवावे लागले, त्यात पुरुषांचीसुद्धा नावं निघाली. हे आधी तपासता आलं नसतं का? तपासलं असतं तर खऱ्या गरजू बाईला जास्त देता आलं असतं. हे आपल्या बाजूच्या लेखकाने लिहायला हवं होतं, ते शेवटी विरोधकांच्या पत्रकार परिषदेतून ऐकावं लागलं.

---

भांडुपची_मेधा

तपासणीबद्दल सहमत. फक्त ती कशी झाली तेही बघा. ई-केवायसीला नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी मागत होते. नवरा गावाला, फोन त्याच्याकडे, नेटवर्क नाही. विधवा आणि टाकलेल्या बायकांनी काय करायचं, याचं उत्तर सुरुवातीला कोणाकडेच नव्हतं. चुकीचे अर्ज ज्यांनी मंजूर केले त्यांना कोणी काही विचारलं नाही, हेलपाटे बायकांनी घातले.

---

वकील_दादरचे

सुहासराव, 'आधी त्यांचा पक्षपात संपू दे' या वाक्यावर जरा थांबू. एक जुनी गोष्ट सांगतो, ती आपल्याच इतिहासातली आहे.

१९५० साली मुंबईहून 'क्रॉस रोड्स' नावाचं डावं साप्ताहिक निघायचं, रोमेश थापर त्याचे संपादक. मद्रास सरकारने त्याला राज्यात यायला बंदी केली. त्याच सुमारास दिल्लीत संघविचाराच्या 'ऑर्गनायझर'वर, छापण्याआधी मजकूर तपासून घ्या, असा हुकूम निघाला. दोन्ही प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २६ मे १९५० रोजी, एकाच दिवशी, दोन्ही आदेश रद्द झाले. डाव्यांना ज्या तत्त्वाने वाचवलं त्यानेच आपल्याला वाचवलं. पुढच्याच वर्षी नेहरू सरकारने पहिली घटनादुरुस्ती आणून अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांची यादी वाढवली. संसदेत त्याला कडाडून विरोध केला श्यामाप्रसाद मुखर्जींनी. तेव्हा आपण मूठभर होतो आणि तत्त्व हीच आपली ढाल होती. सत्ता आली म्हणून ढाल फेकून द्यायची का?

मुंबईच्या आसपासचंच बघा. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेबांच्या निधनानंतरचा बंद. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक झाली. सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं. त्या संतापातून सुरू झालेल्या याचिकेवर २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ हे कलमच रद्द झालं. मे २०२२, केतकी चितळेने शरद पवारांवरची एक पोस्ट टाकली आणि महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहिली. सरकार महाविकास आघाडीचं. तेव्हा आपण सगळे, मीसुद्धा, तिच्या बाजूने उभे राहिलो. मार्च २०२५, खारच्या स्टुडिओत कुणाल कामराने एकनाथ शिंदेंवर विडंबन केलं आणि शिंदेसेनेच्या कार्यकर्त्यांनी स्टुडिओ फोडला. सरकार आपलं. त्या आठवड्यात आपल्या बाजूच्या वाहिन्यांवर चर्चा होती ती कामराच्या जुन्या विनोदांची. खुर्च्या मोडणाऱ्यांबद्दल दोन वाक्यं, तीही 'भावना दुखावल्या होत्या' या चालीवर. मला कामराचं एक अक्षर आवडत नाही. पण दुसऱ्याच्या जागेत घुसून मोडतोड करणं हा गुन्हा आहे आणि कायदा-सुव्यवस्था हा आपला पहिला आग्रह आहे.

---

परळ_गिरणगाव

मी तुमच्या बाजूचा नाही, तरी विचारतो. वकीलसाहेब, मग नक्षलवाद रोखण्यासाठी म्हणून आणलेल्या राज्याच्या जनसुरक्षा कायद्यावर तुमचं मत काय? तिथे तुमचं तत्त्व टिकतं का?

---

वकील_दादरचे

रास्त प्रश्न आहे. कायद्याच्या हेतूला माझा पाठिंबा आहे. १ मे २०१९ ला, ऐन महाराष्ट्रदिनी, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा चालक गेले. त्या घरांसमोर उभं राहून नक्षलवाद ही फक्त विचारसरणी आहे, असं मी म्हणू शकत नाही. जंगलातल्या बंदुकीला शहरातून पैसा आणि आडोसा मिळतो, हेही मी मानतो.

पण जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या मसुद्यातली बेकायदेशीर कृत्याची व्याख्या सैल आहे. सार्वजनिक व्यवस्थेत किंवा कायद्याच्या अंमलबजावणीत हस्तक्षेप करणारीच नाही, तर हस्तक्षेपाकडे कल असलेली कृतीसुद्धा त्यात येते. 'कल' कोण ठरवणार? संयुक्त समितीने व्यक्ती वगळून रोख कडव्या डाव्या संघटनांवर ठेवला, सल्लागार मंडळाची तरतूद आहे, हे चांगलं. तरी मी कोणताही कायदा वाचताना उद्याचा गृहमंत्री माझ्या विरोधी पक्षाचा आहे असं धरून वाचतो. आणीबाणीत आपली माणसं येरवड्यात आणि नाशिकला होती, ती मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली. मिसा १९७१ मध्ये आणला तेव्हाही देशाची सुरक्षा हेच कारण दिलं होतं. वाजपेयी तेव्हाच धोका सांगत होते.

---

परळ_गिरणगाव

उत्तराबद्दल आभार. सहमत नाही, पण हे असं लिहिलेलं मला तुमच्या बाजूच्या एकाही वाहिनीवर दिसलं नाही.

---

डेस्कवरची

मी बरीच वर्षं वृत्तवाहिनीच्या डेस्कवर काढली, आता त्यातून बाहेर आहे. म्हणून आतलं थोडं सांगते.

संध्याकाळच्या चर्चेचा विषय दुपारच्या मीटिंगमध्ये ठरतो. मग पाहुणे जमवणाऱ्या पोराचे फोन सुरू. एक इकडचा प्रवक्ता, एक तिकडचा, एक 'राजकीय विश्लेषक'. विश्लेषक निवडताना त्याने काय वाचलंय हे कोणी विचारत नाही. आक्रमक बोलतो का, अर्ध्या मिनिटात संपवतो का, एवढंच. अर्थसंकल्पाच्या दिवशी आम्ही एकदा एका निवृत्त प्राध्यापकांना बोलावलं होतं. ते भांडवली आणि महसुली खर्चातला फरक समजावू लागले, तर अँकरच्या कानात सूचना गेली, 'प्रवक्त्याकडे जा'. पुन्हा त्यांना बोलावलं नाही. यात उजवं-डावं काही नाही, सगळीकडे हीच रीत.

पैशाचं गणित त्याच्या मागे आहे. सरकारी जाहिरात हे मराठी माध्यमांचं मोठं उत्पन्न आहे आणि ते सरकार कोणाचंही असो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तर तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत शब्द न् शब्द सारखा छापून आला होता, 'अशोक पर्व' या नावाने. पी. साईनाथांनी ते उघडकीला आणलं, प्रेस कौन्सिलने चौकशी समिती नेमली. तेव्हा 'पेड न्यूज' हा शब्द घरोघर गेला. तेव्हापासून बदल एवढाच की, पाकीट द्यायची गरज उरली नाही, जाहिरातींचं वार्षिक वेळापत्रक पुरतं.

त्यामुळे खेतवाडीकर ज्या भाष्याची अपेक्षा करतायत ते वाहिन्यांतून येणार नाही. वर्गणीवर चालणारं नियतकालिक किंवा वाचकांच्या पैशावरचं संकेतस्थळ हवं. आणि उजव्या बाजूचा वाचक पक्षनिधीला हजार देतो, मासिकाची वर्गणी द्यायला मात्र पुढच्या महिन्यात बघू म्हणतो. हे मी वर्गणीविभागाच्या शेजारी बसून ऐकलंय.

---

सायनचा_सुहास

वकीलसाहेबांचं १९५० चं उदाहरण मला ठाऊक नव्हतं, वाचतो त्यावर. पण माझा मूळ मुद्दा कायम आहे. आपण टीका केली की तेवढं वाक्य कापून समोरचे फिरवतात, 'बघा, यांचेच लोक म्हणतात'. मेधाताईंचं पासबुकवालं कोणी फिरवणार नाही, काकांचे तुटीचे आकडे मात्र उद्या विरोधकांच्या पोस्टवर दिसतील. याचं काय करायचं?

---

खेतवाडीकर

फिरवू देत, सुहास. आकडे अर्थखात्याच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुले आहेत, ते माझ्या लिहिण्याने गुप्त राहणार किंवा फुटणार नाहीत. आपण लिहिलं तर निदान त्यांच्यासोबत आपला उपाय तरी जाईल. नाहीतर आकडे त्यांचे आणि अर्थही त्यांचाच.

डेस्कवरच्या ताई, वर्गणीचं बोलणं खरं आहे. मी पुढाकार घ्यायला तयार आहे. गिरगावात ओळखीचे चार-पाच निवृत्त लोक आहेत, एक लेखापरीक्षक, एक मंत्रालयातून निवृत्त झालेले. अर्थसंकल्पानंतरच्या महिन्यात एकेक खातं घेऊन मराठीत सोपं टिपण लिहायचं, पक्षाचं नाव न बघता. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सभागृहात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात, तिथून सुरुवात करता येईल. कोणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

भांडुपची_मेधा

काका, व्यनि केलाय. सुरुवात एका प्रश्नापासून करा, कारण तो मला काउंटरवर रोज विचारतात: 'मॅडम, एकवीसशे कधी?' महायुतीच्या जाहीरनाम्यात २,१०० होते. मी काय सांगू?

---

खेतवाडीकर

हिशेब सांगा. दीड हजाराला ३६,००० कोटींची तरतूद होती. लाभार्थी तेवढेच धरले तर २,१०० ला ५०,४०० कोटी लागतात. वरचे १४,४०० कोटी तीन वाटांनी येतात: कर वाढवून, कर्ज काढून, किंवा दुसऱ्या खात्याचे कमी करून. चौथी वाट म्हणजे अपात्र नावं आणखी वगळणं, पण त्यासाठी ई-केवायसीचा घोळ आधी निस्तरायला हवा, नाहीतर तुमच्या मावशीच वगळल्या जातील. जे भाष्यकार २,१०० चं समर्थन करतात त्यांनी यातली कोणती वाट ते नाव घेऊन सांगावं. आणि जे विरोध करतात त्यांनीही, कारण त्यांच्या तीन हजारांना दीड हजाराच्या दुप्पट, म्हणजे ७२,००० कोटी लागणार होते.